दहावीच्या सुट्टीतलं पहिलं काम : गल्ल्यामागून सांगितलेल्या गोष्टी

एप्रिल उजाडला की आमच्या दुकानाच्या पायरीवर कुणीतरी घुटमळताना दिसतं. हातात मोबाइल, मागे थोड्या अंतरावर धीर द्यायला आलेला मित्र. मी विचारते, "काय हवंय रे?" उत्तर येतं, "एक पेन." पेन घेतो, पाच रुपये देतो, तरी हलत नाही. मग मान खाली घालून म्हणतो, "मावशी, काम आहे का?"

सांगलीत मारुती रोडच्या जवळ आमचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. बावीस वर्षं मी गल्ल्यावर बसते आणि दर उन्हाळ्यात दोन-तीन मुलं कामाला घेते. बहुतेक दहावीची परीक्षा दिलेली असतात आणि त्यांना कामाचा अनुभव शून्य. त्यांतली काही उत्तम निघाली, काही तिसऱ्या दिवशी गायब झाली. पण मला जास्त आठवतात ती पायरीवरूनच परत गेलेली. त्यांना काम नको होतं असं नाही, विचारायचं कसं हे कुणी सांगितलेलं नव्हतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि त्यांच्या आई-वडिलांसाठीही.

एक गोष्ट सुरुवातीलाच. मुलं 'नोकरी' शोधतात, म्हणजे मोबाइलवर जाहिराती बघतात, बायोडेटा बनवतात, कुठेतरी अपलोड करतात. पंधरा वर्षांच्या अननुभवी मुलाला त्या वाटेनं काम मिळाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. उन्हाळ्याचं काम असतं ते ऐन सीझनमध्ये हात कमी पडणाऱ्या माणसाकडे. तो माणूस जाहिरात देत नाही, त्याला तेवढी सवडच नसते. त्याच्यापर्यंत तुम्ही वेळेत पोचायचं आहे.

आधी कॅलेंडर काढा

दहावीवाल्यांना मोठी सुट्टी मिळते. २०२५ साली शेवटचा पेपर १७ मार्चला झाला आणि निकाल १३ मे रोजी लागला. त्यानंतर अकरावीची धावपळ. म्हणजे मार्चअखेर ते मेचा मध्य हा सलग मोकळा काळ, आणि पुढे जूनमध्ये अर्धंमुर्धं लक्ष. आठवी-नववीच्या मुलांची परीक्षा एप्रिलमध्ये संपते आणि जूनच्या मध्याला शाळा उघडते. विदर्भात उन्हामुळे शाळा जरा उशिरा उघडतात, तिथे थोडे दिवस जास्त.

आता त्यातून वजा करा. मामाच्या गावी जाणार असाल ते आठ दिवस, मावसबहिणीचं लग्न, गावची जत्रा, कुलदैवताचं दर्शन, एमएस-सीआयटीचा किंवा टायपिंगचा क्लास. हे घरी आई-वडिलांसमोर बसून, भिंतीवरच्या कालनिर्णयावर पेन्सिलनं खुणा करून ठरवा. माझ्याकडे एक मुलगी फार छान काम करत होती. बाराव्या दिवशी तिच्या आईचा फोन आला, "उद्यापासून आम्ही कोकणात चाललोय." नेमक्या त्याच आठवड्यात माझ्याकडे वह्यांचे गठ्ठे उतरणार होते. मुलीचा दोष नव्हता, तिला कुणी विचारलंच नव्हतं.

सलग चार आठवडे देता येत असतील तर दुकानदार तुमच्याशी नीट बोलेल. दोन आठवडेच असतील तर तसं स्पष्ट सांगा आणि लग्नातलं किंवा आंब्याच्या पेट्या भरण्याचं, दिवसाच्या हिशोबावर चालणारं काम शोधा.

वयाचं आणि कायद्याचं

हा भाग रटाळ वाटेल, पण दुकानदार तुम्हाला 'नाही' म्हणतो त्याचं निम्मं कारण इथे आहे. त्याला बालमजुरीच्या तक्रारीची भीती असते. कायदा १९८६ चा आहे आणि २०१६ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली. चौदा पूर्ण नसतील तर कुणाकडेही कामाला राहता येत नाही. शाळेनंतर किंवा सुट्टीत घरच्या धंद्यात हातभार लावता येतो, तोही धोक्याचं काम नसेल तर. चौदा ते अठरा वयाच्या मुलांना काम करता येतं, पण खाणी, पेट्रोल-गॅस-फटाक्यांसारखे पेट घेणारे किंवा स्फोटक पदार्थ आणि कारखान्यातल्या धोकादायक प्रक्रिया त्यांना पूर्ण बंद आहेत.

वेळेचेही नियम आहेत. मधली सुट्टी धरून दिवसाला सहा तासांपेक्षा जास्त नाही. सलग तीन तासांच्या वर नाही, मध्ये तासभर विश्रांती. संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत काम नाही. ओव्हरटाइम नाही, एका दिवशी दोन ठिकाणी काम नाही, आठवड्यातून एक दिवस सुट्टी. मी मुलांना अकराला बोलावते, दीड ते अडीच जेवण, पाचला घरी. हे बरोबर बसतं. 'सकाळी दहा ते रात्री नऊ' सांगणारी दुकानं बाजारात पैशाला पासरी आहेत, आणि आमच्याच लाइनमधली काही आहेत हे मी नाकारत नाही. त्यांना नम्रपणे 'जमणार नाही' म्हणा.

आधार कार्डाची झेरॉक्स किंवा शाळेचा जन्मतारखेचा दाखला बरोबर ठेवा. मूळ कागद कुणाकडेही 'ठेव' म्हणून द्यायचा नाही, अगदी ओळखीचा असला तरी.

आणि गाडी. घरोघरी सामान पोचवायचं काम मिळालं आणि मालकानं स्कूटीची किल्ली पुढे केली, तर हात मागे घ्या. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला की पालकावर आणि गाडीच्या मालकावर येतं, २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. सायकलवर काय पोचेल तेवढंच.

हात कुठे कमी पडतात

आता मुख्य गोष्ट. गावात, पेठेत एक फेरी मारा आणि दुकानांच्या पाट्या बघायच्या सोडून गर्दी बघा. आज कुठे गर्दी आहे यापेक्षा तीन आठवड्यांनी कुठे होणार हे ओळखता आलं तर तुम्ही इतरांच्या पुढे गेलात.

वह्या-पुस्तकं, दप्तरं, गणवेश, रेनकोट यांची खरी झुंबड मेच्या शेवटापासून जून संपेपर्यंत असते. पण माल एप्रिलपासूनच उतरतो. गठ्ठे फोडायचे, शंभर पानी आणि दोनशे पानी वेगळ्या करायच्या, एकरेघी-दुरेघी-चौकटी लावायच्या, शाळेच्या यादीप्रमाणे सेट बांधून ठेवायचे. पहिली ते आठवीची पुस्तकं सरकारी आणि अनुदानित शाळांत फुकट मिळतात, म्हणून आमच्याकडे गर्दी वह्यांची, नववी-दहावीच्या पुस्तकांची आणि गाइडांची. हे सगळं काम अनुभव न लागणारं आहे, पण नजर लागते. पुण्यात अप्पा बळवंत चौकात हेच चित्र शंभरपट मोठं असतं. तुमच्या तालुक्याच्या गावातही असं एखादं दुकान असणारच. तिथे जूनमध्ये जाऊन उपयोग नाही, तेव्हा मालकाला मान वर करायला वेळ नसतो. एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात जा.

लग्नसराई हा दुसरा मोठा धंदा. आपल्याकडची बरीच लग्नं दुपारची, त्यामुळे वाढपी म्हणून, रुखवत मांडायला, स्वागताला, आहेराची यादी लिहायला दिवसाउजेडी काम मिळतं. केटररला विचारा, मंगल कार्यालयाच्या मॅनेजरला विचारा. पण रात्रीचं रिसेप्शन, उंच शिडीवरचं डेकोरेशन आणि उकळत्या तेलाच्या कढईजवळची जागा, या तिन्हींना नाही म्हणायचं. वाढपी म्हणून दिवसभर उभं राहिल्यावर पाय काय बोलतात ते एकदा अनुभवाच. तुमच्या आजवरच्या सगळ्या पंगती आठवतील.

आंबा. रत्नागिरी-देवगडकडे राहत असाल तर सांगायला नको. इतर शहरांतही हापूसच्या व्यापाऱ्याकडे अक्षय्य तृतीयेच्या आसपास पेट्या उतरतात. फळं निवडायची, डागी बाजूला काढायची, पेंढ्यात लावायची, डझन मोजायचे, फोनवर ऑर्डर लिहून घ्यायच्या. हिशोब पक्का असलेल्या मुलाला इथे भाव आहे. आमच्या सांगली-तासगावकडे त्याच सुमाराला बेदाणा असतो, त्याची निवड आणि पॅकिंग.

वाळवणं आणि मसाले हे घरगुती उद्योगांचं काम. बचत गटाच्या बायका एप्रिल-मेमध्ये पापड, कुरडया, शेवया, सांडगे यांत बुडालेल्या असतात. करायला त्यांना तुमची गरज नाही, तुमची कुरडई कोण खाणार! पण वजन करून पाकीटबंद करणं, लेबल चिकटवणं, व्हॉट्सॲपवर फोटो टाकून ऑर्डरींचा हिशोब ठेवणं, यात त्यांचा जीव मेटाकुटीला येतो. शेजारच्या काकूंना विचारून बघा. चटणी-मसाल्याच्या कांडपाच्या मशीनजवळ मात्र जायचं नाही, तसंच रसवंतीच्या चरकाजवळ. ओढणी किंवा बाही अडकायला क्षण पुरतो.

मेच्या मध्यापासून आणखी एक गर्दी सुरू होते, ती आपले सरकार सेवा केंद्रात आणि झेरॉक्सच्या दुकानात. निकाल लागतो, दाखल्यांसाठी रांगा लागतात. अकरावीचा प्रवेश २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झालाय, त्यामुळे खेड्यापाड्यातले पालक फॉर्म भरायला तालुक्याला येतात. मराठी टायपिंग येत असेल, स्कॅन करून फाइलचा आकार कमी करता येत असेल, तर तुम्ही त्या दुकानदाराला हवेच आहात. तुम्हाला ते किरकोळ वाटतं, कारण तुम्ही दोन मिनिटांत करता. तो पन्नाशीचा माणूस पंधरा मिनिटं घालवतो.

लहान मुलांची उन्हाळी शिबिरं, चित्रकलेचे आणि हस्ताक्षराचे वर्ग, पोहण्याच्या तलावावर नावनोंदणीचं टेबल, मेमध्ये भरलेल्या कोकणातल्या घरगुती निवासांत पाहुण्यांची सरबराई, सार्वजनिक वाचनालयात पुस्तकांची मोजणी आणि मांडणी, हीसुद्धा कामं आहेत. वाचनालय पैसे फार देणार नाही. पण तिथला ग्रंथपाल उद्या तुमच्याबद्दल चार माणसांत चांगला शब्द टाकेल.

यातली पाच-सहा ठिकाणं वहीत लिहा. नाव, मालक कोण, आपल्या ओळखीचं कोण त्यांना ओळखतं. या तिसऱ्या रकान्याला फार किंमत आहे. आपल्याकडे गल्ल्याजवळ कुणालाही उभं करत नाहीत. तुमचे सर, वडिलांचा मित्र, सोसायटीचा सेक्रेटरी, रोजचा दूधवाला, यांच्यापैकी कुणी 'पोरगं चांगलं आहे' एवढं म्हटलं की अर्धं काम झालं. नातेवाइकांनाही सांगून ठेवा. यात लाज कसली? मात्र ओळखीनं गेलात तर खाडा करताना दहा वेळा विचार करा, कारण नाक कापलं जातं ते ओळख देणाऱ्याचं.

पायरी चढताना

वेळ निवडणं ही कला आहे. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जाऊ नका. झाडलोट, देवापुढे उदबत्ती, आणि मुख्य म्हणजे भवानी व्हायची असते. पहिलं गिऱ्हाईक व्हायच्या आधी कुणी काही मागायला आलं की आमच्यासारख्या जुन्या माणसांच्या कपाळाला आठी पडते. अंधश्रद्धा म्हणा, पण तुम्हाला काम हवंय, वाद नको. संध्याकाळी सहानंतर गर्दीत जाऊ नका. साडेअकरा-बारा किंवा दुपारी चारच्या सुमाराला जा. आणि एकटे जा. मित्र बाहेर उभा राहिला तरी आम्हाला दिसतो, आणि आई बरोबर आली की मी आपोआप आईशीच बोलायला लागते.

कपडे स्वच्छ, पायात चप्पल असली तरी चालेल, कानातला इअरफोन काढलेला. काउंटरवर गिऱ्हाईक असेल तर बाजूला थांबा. मी तुम्ही थांबलात की मध्येच बोललात हे पाहते. माझी मुलाखत तिथेच झालेली असते.

मग काय बोलायचं? 'काम आहे का' हा प्रश्न मला फार सोपा पडतो, कारण त्याचं उत्तर 'नाही' हे लगेच तोंडात येतं. त्याऐवजी असं म्हणा :

"नमस्कार काका. मी अमुक शाळेत दहावीची परीक्षा दिली. मी पलीकडच्या गल्लीत राहतो. १५ एप्रिल ते १० जून मी मोकळा आहे. तुमच्याकडे मेमध्ये गर्दी असते, तेव्हा माल लावायला, बिलं करायला मदत लागेल का? मला पूर्वीचा अनुभव नाही, पण शिकेन. घरी विचारलेलं आहे."

यात तुम्ही कोण, कुठले, किती दिवस, कशासाठी, आणि घरच्यांना माहीत आहे, एवढं सगळं आलं. शेवटचं वाक्य विसरू नका, पालकांना न विचारता आलेलं पोर ठेवून घेणं म्हणजे डोक्याला ताप. मालकिणीला ताई म्हणायचं की मावशी हे वय बघून ठरवा. चुकलात तर ताईकडे चुका.

बायोडेटा छापायची गरज नाही. अर्ध्या कागदावर स्वच्छ अक्षरात नाव, पूर्ण झालेलं वय, शाळा, मोकळ्या तारखा, कुठल्या वेळेत येऊ शकता, येणाऱ्या चार गोष्टी आणि पालकांचा नंबर लिहून न्या. 'येणाऱ्या गोष्टी' म्हटल्यावर मुलं अडखळतात, आम्हाला काहीच येत नाही म्हणतात. शाळेच्या गॅदरिंगला हिशोब कुणी ठेवला होता? गणपतीत वर्गणीच्या पावत्या कुणी फाडल्या? धाकट्या भावाला पाढे कुणी शिकवले? आजोबांच्या पेन्शनचा फॉर्म कुणी भरला? तेच लिहा. 'मंडळाच्या वर्गणीचा हिशोब दोन वर्षं सांभाळला' ही ओळ वाचून मी एका मुलाला तिथल्या तिथे ठेवून घेतलं होतं. 'मेहनती, प्रामाणिक, टीममध्ये काम करण्याची आवड' हे मात्र लिहू नका, ते सगळेच लिहितात आणि मी वाचत नाही.

'नाही' आलं तर एवढंच विचारा, "बरं काका, तुमच्या ओळखीत कुणाला लागणार आहे का?" दुकानदारांना एकमेकांची नड माहीत असते. आणि कागद ठेवून या. 'बघू, सांगतो' म्हणाले तर चार दिवसांनी पुन्हा जा. आम्ही खरंच विसरतो. दुसऱ्यांदा आलेला मुलगा माझ्या लक्षात राहतो, तिसऱ्यांदा आलेल्याला मी नाही म्हणू शकत नाही. चौथ्यांदा मात्र येऊ नका.

सहा ठिकाणी विचारलंत तर एक-दोन ठिकाणी काहीतरी निघतं असा माझा अंदाज आहे. पहिले दोन नकार पोटात गोळा आणतात. त्यानंतर तोंड उघडायची सवय होते.

पैशाचं बोलणं

मराठी घरातली मुलं इथे गप्प बसतात. 'तुम्हाला योग्य वाटेल ते द्या' असं म्हणायचं नाही. मी सोळाव्या वर्षी हेच म्हणाले होते. दीड महिना एका दुकानात राबले, आणि शेवटी हातात एक ड्रेसपीस आणि पेढ्यांचा पुडा आला. पेढे चांगले होते.

कामाला लागायच्या आदल्या दिवशी, उभ्या उभ्या का होईना, हे विचारून घ्या : रोजावर की महिन्यावर? किती? पैसे कधी, दर आठवड्याला की महिनाअखेर? खाडा झाला तर किती कापणार? साप्ताहिक सुट्टी कुठल्या वारी? काही फुटलं, हिशोबात कमी आलं तर कोण भरणार? हा शेवटचा प्रश्न विचारायला धाडस लागतं, पण विचारा. पहिल्या महिन्यात मुलाकडून मोड देताना चूक होणारच, आणि ती मालकानं सोसायची असते असं माझं मत आहे.

भाव गावागणिक बदलतो. मी गेल्या वर्षी दिवसाला तीनशे रुपये दिले, प्रत्यक्ष कामाचे पाच तास. आसपासच्या दोघा-तिघांना विचारलंत की तुमच्या पेठेतला दर कळेल. पहिल्यांदा पगार आठवड्याला घेतलेला बरा, पैसे बुडायची वेळ आलीच तर आठवड्याचेच बुडतील.

एक छोटी वही करा. तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, मिळालेले पैसे. आठवड्यातून एकदा मालकाला दाखवून सही घ्या. उचल घ्यायची सवय लावून घेऊ नका. पन्नास-शंभर करत महिन्याच्या शेवटी हातात काहीच उरत नाही, आणि मनात मात्र मालकानं कापले असंच राहतं.

दहा वर्षांवरच्या मुलाला बँकेत स्वतः चालवायचं बचत खातं उघडता येतं, काय मर्यादा आहेत ते तुमच्या शाखेत विचारा. पैसे तिथे जमा झाले तर हिशोब आपोआप राहतो. ते खातं किंवा कार्ड 'दोन दिवस वापरायला' कुणालाही द्यायचं नाही. फसवणुकीचे पैसे फिरवायला अशीच पोरांची खाती वापरतात, आणि पोलीस येतात ते खातेदाराच्या दारात.

तेवढ्यावरून फसवणुकीचंही सांगते. काम देण्यासाठी जो आधी पैसे मागतो, मग त्याला नोंदणी म्हणा, डिपॉझिट म्हणा, किट म्हणा, तो काम देणार नसतो. 'घरबसल्या टायपिंग', 'व्हिडिओ लाइक करा, रोज हजार कमवा', 'दोन मित्र जोडा' हे सगळे त्याच माळेचे मणी. पैसे गेलेच तर घरी लपवू नका, लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करा, वेळेत केली तर रक्कम गोठवता येते. आणि कामाच्या ठिकाणी कुणी मारहाण केली, डांबून ठेवलं, अंगाला हात लावला तर १०९८ हा मुलांसाठीचा चोवीस तास चालणारा क्रमांक पाठ ठेवा.

पालकांना एक विनंती. पहिल्या दिवशी मुलाबरोबर येऊ नका, पण त्याच्या आधी एकदा गिऱ्हाईक म्हणून ती जागा बघून या. प्यायचं पाणी, पंखा, स्वच्छ बाथरूम आहे का? मुलीसाठी शेवटचा प्रश्न पहिला. बाजारातल्या कित्येक दुकानांत बाथरूम नसतं आणि मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत, तेही मेच्या उन्हात. 'आमचं मूल दुकानात उभं राहणार?' असं ज्यांच्या मनात येतं त्यांना मी वाद न घालता साताऱ्याकडे बोट दाखवते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि 'कमवा आणि शिका' हा शब्द आपल्या भागात घराघरात नेला. तिथे राबून शिकलेली माणसं पुढे कुठल्या कुठे गेली.

पहिले आठ दिवस

पहिल्या दिवशी दहा मिनिटं आधी या. फोन पिशवीत. कुणी काही सांगेपर्यंत उभे राहू नका, हातात फडकं घ्या आणि मांडणी पुसा. पुसता पुसता कुठे काय आहे ते कळतं, आमच्याकडे जुन्या माणसांनी असंच शिकवलं.

मोड देणं शिका. गिऱ्हाइकानं दिलेली पाचशेची नोट गल्ल्यात लगेच टाकायची नाही, परत द्यायचे पैसे मोजून हातात देईपर्यंत ती वर दिसेल अशी ठेवायची. नाहीतर 'मी पाचशे दिले होते, दोनशे नव्हे' हा वाद ठरलेला. मोड मोठ्यानं मोजत द्या : "एकशे ऐंशी झाले, हे वीस, दोनशे, आणि हे तीनशे." फोनवरून पैसे दिले असतील तर गिऱ्हाइकानं दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवू नका. काउंटरवरचा स्पीकर बोलला किंवा मालकाच्या फोनवर मेसेज आला, तरच पैसे आले. खोटे स्क्रीनशॉट दाखवणारे नेमके नवीन पोर हेरतात.

उधारी स्वतःच्या अधिकारात द्यायची नाही, अगदी वर्गशिक्षिका आल्या तरी. "थांबा हं, काकांना विचारतो."

माहीत नसेल तर 'माहीत नाही, विचारून सांगतो' म्हणा. एका मुलानं एका पालकाला दहावीचं पुस्तक म्हणून जुन्या अभ्यासक्रमाचं गाइड ठामपणे विकलं होतं, आणि ते गृहस्थ दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन माझ्यावर ओरडले. मुलगा मागे गोडाऊनमध्ये लपला होता. मी त्याला बाहेर बोलावलं, त्यानं चूक कबूल केली, गाइड बदलून दिलं. त्या दिवसानंतर तो मला जास्त आवडायला लागला.

चूक झाली की लगेच सांगा. रात्री गल्ला जुळवताना कळलेली चूक दहापट मोठी वाटते.

आजारी पडलात तर सकाळी फोन करा, स्वतः करा, आईला करायला लावू नका. न कळवता केलेला खाडा हे मुलं काढून टाकण्याचं आमचं एक नंबरचं कारण आहे. दुसरं कारण मोबाइल. तिसरं नाही.

काहीच मिळालं नाही तर

असंही होतं. मग स्वतःचं छोटं काम काढा, पण तेही सीझन बघूनच. माझ्याकडे विचारायला आलेल्या एका मुलीला त्या वर्षी जागा नव्हती. मी तिला सहज म्हटलं, "कव्हरं घालून देशील का?" जूनच्या पहिल्या पंधरवड्यात नोकरी करणाऱ्या आयांना रात्री अकरा वाजता दोन मुलांच्या पंचवीस-तीस वह्यांना खाकी कव्हरं घालावी लागतात. तिनं आमच्या दुकानात एक चिठ्ठी लावली, सोसायटीच्या ग्रुपवर निरोप टाकला. वहीमागे पाच रुपये, लेबलवर सुवाच्य अक्षरात नाव घालून. कागद गिऱ्हाइकाचा, कात्री आणि चिकटपट्टी तिची. पहिल्या तीन दिवसांत तिची बोटं कागदानं कापली, मग तिनं पुठ्ठ्याचा एक साचा बनवला आणि वेग दुप्पट झाला. शेवटी तिला धाकट्या भावाला मदतनीस ठेवावं लागलं, त्याचा पगार कुल्फीत.

अशीच आणखी कामं : ज्येष्ठांना फोनवरून बिल भरायला, गॅस नोंदवायला शिकवणं, बाहेरगावी गेलेल्यांच्या झाडांना पाणी घालणं, पहिली-दुसरीच्या मुलांना रोज तासभर वाचून दाखवणं आणि लिहून घेणं. दर आधी ठरवायचा आणि पहिलं काम नीट करायचं, बाकी निरोप आपोआप पसरतो.

सोडताना

अकरावीची यादी लागली की मुलं पंख फुटल्यासारखी उडून जातात. निदान आठ दिवस आधी सांगा. जमलं तर तुमच्या जागी येणारा मित्र किंवा मैत्रीण आणा आणि एक दिवस बरोबर राहून तिला चौकटी वह्या कुठे असतात, उधारीची वही कुठे असते ते दाखवा. किल्ली, एप्रन, उरलेली उचल, सगळा हिशोब त्याच दिवशी मिटवा. मालकाकडून लेटरहेडवर दोन ओळी लिहून मागा : कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, काय काम केलं, खाली सही-शिक्का आणि फोन नंबर. मागितल्याशिवाय आम्ही देत नाही, सुचतच नाही. मागितल्यावर नाही म्हटल्याचं मात्र मला आठवत नाही.

आणि दिवाळीच्या आधी एकदा दुकानावर डोकावून जा. ऑक्टोबरमध्ये आकाशकंदील आणि रांगोळीचा माल येतो, तेव्हा मला परत दोन जण लागतात.